पण तिनं केलं काय?

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. टी.वाय.च्या वर्गाला जॉन कीट्सची 'ला बेल दाम सां मेर्सी' ही कविता असायची. फळ्यावर शीर्षक लिहायचं, त्याखाली 'निर्दय सुंदरी' असा अर्थ लिहायचा आणि भुलवणाऱ्या बायकांची परंपरा सांगायला सुरुवात करायची, हे माझं ठरलेलं होतं. एका वर्षी मी तो अर्थ लिहून वळले, तर एस.टी.नं येणारी, तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी होती. तिनं विचारलं, "मॅडम, पण तिनं केलं काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे उत्तर नाही. मग फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला 'त्यानं काय केलं', दुसऱ्या बाजूला 'तिनं काय केलं'. सगळा वर्ग कडव्यामागून कडवं वाचू लागला.

कवितेत एक शिलेदार तळ्याकाठी एकटाच भटकतो आहे. गवत वाळलंय, पाखरांचा आवाज नाही. काय झालं म्हणून कुणी विचारतं, तेव्हा तो आपली हकिगत सांगतो. माळावर त्याला एक बाई भेटली. केस लांब, चाल हलकी, डोळे रानवट. त्यानं तिच्यासाठी फुलांची माळ केली, हातातली कडी केली, कमरपट्टा केला. तिला आपल्या घोड्यावर बसवलं आणि दिवसभर तिच्याशिवाय काही पाहिलं नाही. आता तिची बाजू. ती गाणं म्हणाली. त्याच्यासाठी तिनं कंदमुळं आणि रानातला मध शोधून आणला. त्याला आपल्या गुहेत नेलं. तिथं ती रडली, तिनं उसासे टाकले. त्यानं चार चुंबनं घेऊन तिचे डोळे मिटले, तिनं त्याला निजवलं. तिचा रकाना इथं संपला.

मग तिला निर्दय कोण म्हणतं? शिलेदाराच्या स्वप्नात फिकट चेहऱ्यांचे राजे, राजपुत्र आणि योद्धे येतात, ते म्हणतात. तू तिच्या कैदेत सापडलास, असं ते ओरडून सांगतात. जाग येते तेव्हा तो थंडगार टेकडीवर एकटाच असतो. आणखी एक गोष्ट त्या दिवशी एका मुलानं दाखवली. ती बाई परक्या भाषेत बोलते. त्या बोलण्याचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असा होता, हे आपल्याला सांगतो तो शिलेदार. कवितेच्या बाराही कडव्यांत तिचा एकही शब्द आपल्या कानावर येत नाही. तास संपला तेव्हा फळ्यावरचा तिचा रकाना तसाच होता आणि त्यात गुन्हा म्हणावा असं काही नव्हतं.

त्या दिवसापासून मी या बाईच्या मागे लागले. ती कुठून आली, तिला हे नाव कुणी दिलं, हे शोधत गेले. जे हाती आलं ते मी वर्गात सांगत राहिले. आज ते सलग मांडते आहे.

कीट्सनं हे नाव उसनं घेतलं. मूळ कविता फ्रेंच आहे, १४२४ सालची. तिचा कवी आलाँ शार्तिए हा बायो गावचा, फ्रान्सच्या युवराजाचा, म्हणजे पुढच्या सातव्या चार्ल्सचा चिटणीस. तो काळ फ्रान्सच्या पडतीचा होता. १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टच्या रणात फ्रेंच सरदारांची एक पिढी कापली गेली होती आणि १४२०च्या तहानं युवराजाचा गादीवरचा हक्क काढून घेतला होता. अशा दरबारात शार्तिएनं आठ-आठ ओळींची शंभर कडवी लिहिली. कथा एवढीच : एका बागेत मेजवानी चालली आहे, कवी वेलींच्या मांडवाआड बसला आहे आणि पलीकडचं बोलणं त्याच्या कानावर पडतं आहे. काळ्या कपड्यातला एक प्रेमिक एका स्त्रीची विनवणी करतो आहे. ती नाही म्हणते आहे.

ही स्त्री जादू करत नाही, गात नाही, गुहेत राहत नाही. ती वाद घालते. तो म्हणतो, तुझ्या नजरेनं मला घायाळ केलं. तिचं उत्तर असं की डोळे पाहण्यासाठीच असतात, ज्याला त्यानं इजा होते त्यानं आपलं आपण सांभाळावं. तो म्हणतो, मी मरेन. ती म्हणते, या दुखण्यानं माणसं सहसा मरत नाहीत. मी स्वतंत्र आहे आणि स्वतंत्रच राहणार, हे ती शांतपणे सांगते. शेवटी तो निघून जातो आणि पुढं झुरून मेल्याचं कवीच्या कानावर येतं.

इथं 'मेर्सी' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. दरबारी प्रेमकाव्यात त्याचा अर्थ होता प्रेमिकाला मिळणारी कृपा, म्हणजे स्त्रीचा होकार. 'सां मेर्सी' म्हणजे होकार न देणारी. मी सत्तावीसपैकी कितीतरी वर्षं फळ्यावर 'निर्दय' लिहीत होते. मूळ बाईचा अपराध एवढाच होता की तिनं नकार दिला.

तेवढ्यावरून गहजब झाला. दरबारातल्या पुरुषांनी तिथल्या स्त्रियांकडे अर्ज केला की अशा कवितेनं प्रेमिकांचं नुकसान होतं. स्त्रियांकडून शार्तिएला पत्र गेलं, खुलासा करा. त्यानं पद्यातच खुलासा लिहिला. मग इतर कवी पुढं सरसावले आणि त्यांनी कवितांमधून प्रेमदेवतेचं न्यायालय भरवलं. बोदे हेरांकनं त्या काल्पनिक बाईवर आरोपपत्र ठेवलं. एका कवितेत ती निर्दोष सुटली. मग आशिल कोलिए या कवीनं खटला पुन्हा उभा केला, तिला खुनाचा दोष लावला आणि अश्रूंच्या विहिरीत बुडवून मारण्याची शिक्षा सुनावली. या सगळ्याच्या थोडंच आधी, १४०५ साली, क्रिस्तीन द पिझाँ या विधवा लेखिकेनं स्त्रियांची बाजू मांडणारा 'स्त्रियांचं नगर' हा ग्रंथ त्याच फ्रान्समध्ये लिहिला होता. पंचविशीत नवरा गेला, पदरात मुलं, आणि लेखणीवर तिनं घर चालवलं. म्हणजे नकार देणारी आणि वाद घालणारी बाई त्या काळात नवलाची नव्हती. तिला बुडवायची घाई मात्र मोठी होती.

शार्तिएच्या कवितेचं इंग्रजी भाषांतर पंधराव्या शतकातच सर रिचर्ड रूस यांनी केलं. ते पुढं चॉसरच्या नावावर खपलं आणि चॉसरच्या जुन्या छापील ग्रंथांत जाऊन बसलं. कीट्सपर्यंत हे शीर्षक असं पोचलं. शीर्षक आलं, वाद घालणारी बाई मागंच राहिली.

मधल्या चारशे वर्षांत ती कुठं होती? माझं उत्तर असं की तिची एक बहीण बायकांच्या गाण्यांत होती. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या काळाची ओढ सुरू झाली. थॉमस पर्सीला श्रॉपशरमधल्या शिफ्नल गावी एका मित्राच्या घरात जुन्या गाण्यांचं एक बाड सापडलं, तेव्हा मोलकरणी त्याची पानं फाडून चूल पेटवायला वापरत होत्या. त्या बाडातून त्याचा १७६५चा कथागीतांचा संग्रह उभा राहिला. पुढं १८०२-०३ साली वॉल्टर स्कॉटनं स्कॉटलंडच्या सरहद्दीवरची कथागीतं तीन खंडांत छापली. त्यातल्या 'थॉमस द रायमर' या गीतामागे अ‍ॅना गॉर्डन या बाईचं हस्तलिखित आहे. ती १७४७ साली जन्मलेली, अ‍ॅबरडीनच्या प्राध्यापकाची मुलगी, पुढं फॉकलंडच्या पाद्र्याची पत्नी. ही गीतं ती लहानपणी मावशीकडून, आईकडून आणि घरातल्या म्हाताऱ्या दाईकडून ऐकून शिकली होती. आपल्याकडे जात्यावरची ओवी जशी आईकडून लेकीकडे आली, तसंच हे.

आता या गीतातली परीराणी पाहा. थॉमस झाडाखाली पहुडलेला असतो, हिरव्या वस्त्रातली बाई घोड्यावरून येते. तो तिला स्वर्गाची राणी समजून वंदन करतो. ती लगेच त्याची चूक दुरुस्त करते : ते नाव माझं नव्हे, मी परीलोकाची राणी. पहिलंच वाक्य खरं. मग ती त्याला घेऊन जाते. वाटेत बागेतलं फळ तोडायला तो हात पुढं करतो तेव्हा ती त्याला अडवते, कारण त्या फळाला नरकाची बाधा आहे. स्वतःजवळची भाकर आणि मद्य ती त्याला देते. डोकं मांडीवर ठेवून विसावा घे म्हणते. धर्माची काटेरी वाट, पापाची रुंद वाट आणि परीलोकाची वळणाची वाट अशा तिन्ही वाटा दाखवते. तिथं गेल्यावर बोलू नकोस, नाहीतर परत जाता येणार नाही, असं बजावते. स्कॉटनं छापलेल्या पाठात ती त्याला कधी खोटं न बोलणारी जीभ देते. सात वर्षांनी तो घरी येतो, अंगात नवा डगला आणि पायात हिरवे जोडे.

कीट्सच्या कवितेतली बाईसुद्धा घोड्यावर बसते, खायला देते, निजवते. प्रसंग तेच आहेत. बायकांच्या तोंडी असलेल्या गीतात पुरुष काहीतरी घेऊन परततो. कीट्सचा शिलेदार सगळं गमावून टेकडीवर जागा होतो.

हा बदल एकट्या कीट्सनं केलेला नाही. मर्लिन जादूगाराची गोष्ट घ्या. कॅक्स्टननं १४८५ साली छापलेल्या मॅलरीच्या ग्रंथात नीम्वे नावाची सरोवरकन्या आहे. म्हातारा मर्लिन तिच्यासाठी वेडा झालेला, ती जाईल तिथं तो मागे. तो सैतानाचा मुलगा म्हणून तिला त्याची भीती वाटते, त्याच्या पाठलागाला ती कंटाळते, आणि त्यानंच शिकवलेल्या विद्येनं त्याला दगडाखाली कोंडून मोकळी होते. पुढं तीच नीम्वे राजा आर्थरचा जीव वाचवते. त्याला भेट म्हणून आलेलं जाळून टाकणारं वस्त्र अंगावर घेऊ नकोस, असं तीच सांगते. मरणोन्मुख आर्थरला नेणाऱ्या नावेतही ती असते.

टेनिसननं १८५९च्या आपल्या आर्थर-काव्यात हीच गोष्ट उलटी केली. आता मर्लिन हा खिन्न ज्ञानी म्हातारा आणि ती त्याच्या पायाशी सापासारखी विळखा घालणारी, लाडीगोडीनं मंत्र काढून घेणारी व्हिव्हियन. दोनच वर्षं आधी टेनिसननं खाजगीत छापलेल्या प्रतीत तिचं नाव नीम्वेच होतं आणि शीर्षकात एनिड ही दुसरी नायिका 'खरी' आणि नीम्वे 'खोटी' अशी विभागणी होती. नंतर नाव बदललं, खोटेपणाचा शिक्का राहिला. एडवर्ड बर्न-जोन्सचं १८७७ साली लंडनमध्ये मांडलेलं चित्र मी एका पुस्तकात खूप वेळ पाहत बसले होते. मर्लिन फुललेल्या काटेरी झुडपात गळून पडलाय, हातांतला जोर गेलाय. ती उभी, वळून पाहणारी, केसांत साप. पण तिच्या हातात उघडलेलं पुस्तक आहे. इतर वेळी जिला विद्या म्हणतो, तीच बाईच्या हातात आली की जादूटोणा.

ऱ्हाईनच्या काठची लोरेलाय तर जगभर ठाऊक. सांक्ट गोआर्सहाउझनजवळ नदी अरुंद होते, वळते, आणि वर १३२ मीटरचा कडा उभा राहतो. तिथं बोटी फुटत. कड्यावर बसून सोन्याच्या फणीनं केस विंचरणारी आणि गाण्यानं नावाड्याला बुडवणारी बाई जर्मन कवी हाइनेनं १८२४ साली अजरामर केली आणि ती फार जुन्या काळची गोष्ट म्हणून सांगितली. खरं तर ती गोष्ट तेव्हा तेवीस वर्षांची होती. क्लेमेन्स ब्रेंटानोनं १८०१च्या आपल्या कादंबरीत ती रचली. त्याच्या मूळ कथेतल्या लोरेलायला प्रियकरानं फसवलेलं आहे. लोक आपल्या रूपापायी मरतात हे तिला सोसत नाही, म्हणून ती बिशपकडे जाऊन स्वतःच मरण मागते. बिशपच तिच्यावर भाळतो. मठाकडे नेलं जात असताना ती कड्यावर चढते आणि तिथून पडते. फसवली गेलेली मुलगी तेवीस वर्षांत फसवणारी झाली.

हे वाचताना मला आमच्या गावची विहीर आठवते. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, साती आसरा. पुरुष माणसं सांगायची की आसरा पोहणाऱ्याला खाली ओढतात. आजी त्यांना हळदकुंकू वाहायची, हिरव्या बांगड्या ठेवायची आणि आम्हाला म्हणायची, "पायऱ्या शेवाळल्यात गं, सांभाळून उतरा." ऱ्हाईनच्या वळणावर खडक होते, आमच्या विहिरीत शेवाळ होतं. माणूस बुडाला की त्याला बाईचं नाव द्यायची चाल दोन्हीकडे एकच.

ही चाल मनात किती खोल असते याची एक नोंद आहे. कोलरिजच्या 'क्रिस्टाबेल'मध्ये जेराल्डाइन नावाची गूढ बाई आहे. ती वस्त्र उतरवते तेव्हा काय दिसलं, हे कवीनं सांगितलेलंच नाही. कविता अपुरी आहे, १८१६ साली तशीच छापली गेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी एका रात्री बायरननं ती म्हणून दाखवली आणि शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला. त्याला छातीवर डोळे असलेली बाई दिसली होती. बायरनचा डॉक्टर पोलिडोरी यानं हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं. कवितेत असे डोळे कुठंही नाहीत. कवीनं जागा रिकामी ठेवली, ती वाचकाच्या भीतीनं भरली.

मग कीट्सची भीती कोणती होती? इथं मला त्याच्याविषयी फार माया वाटते. ही कविता त्यानं २१ एप्रिल १८१९ रोजी, अमेरिकेतल्या भावाला आणि भावजयीला लिहिलेल्या लांबलचक पत्रात उतरवली. चारच चुंबनं का, यावर पुढं थोडी थट्टाही केली. पण पाच महिन्यांपूर्वी, १ डिसेंबर १८१८ला, त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयानं गेला होता. एकोणीस वर्षांचा. कीट्सनं त्याची शुश्रूषा केली होती. लंडनच्या गाइज रुग्णालयात तो स्वतः वैद्यकी शिकला होता, त्यामुळं पुढं काय होणार हे त्याला कळत होतं. शिलेदाराच्या कपाळावरचा लिलीसारखा फिकटपणा, तापाचा घाम, गालावरचा कोमेजणारा लाल रंग ही त्यानं भावाच्या उशाशी पाहिलेली लक्षणं आहेत. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं जाहीर केला तो १८८२ साली. कीट्सच्या काळी या मारेकऱ्याला चेहरा नव्हता.

त्याच पत्रात, कवितेच्या काही दिवस आधीच्या मजकुरात, आणखी एक हकिगत आहे. टॉमला 'अमेना' नावाच्या एका मुलीची प्रेमपत्रं येत असत. ती मुलगी कधी नव्हतीच. चार्ल्स वेल्स नावाच्या मित्रानं थट्टेखातर ती पत्रं लिहिली होती. टॉमच्या मागं राहिलेले ते कागद कीट्सनं त्या वसंतात वाचले आणि त्याचा संताप पत्रात उसळलेला दिसतो. म्हणजे मरणाच्या वाटेवर असलेल्या मुलाला भुलवणारी सुंदरी एका पुरुषानं घडवली होती, हे कीट्सला नेमकं त्या आठवड्यात ठाऊक होतं. पुढच्या फेब्रुवारीत त्याच्या स्वतःच्या तोंडून रक्त आलं. २३ फेब्रुवारी १८२१ला तो रोममध्ये गेला, पंचविसाव्या वर्षी. ही कविता मी आजही जगातल्या उत्तम कवितांत धरते. तिचं दुःख अस्सल आहे. त्या दुःखाला जो चेहरा मिळाला, तो मात्र निरपराध बाईचा आहे.

कवितेनंतर चित्रकारांनी तो चेहरा पक्का केला. वॉटरहाउसनं १८९३ साली तिला रानात बसवून शिलेदाराला आपल्याकडे ओढून घेताना रंगवलं. अशा चित्रांसाठी तासन्‌तास बसून राहणाऱ्या खऱ्या मुली होत्या. क्रिस्टीना रोझेटीनं आपल्या चित्रकार भावाच्या खोलीत सगळ्या चित्रफलकांवर एकच चेहरा पाहिला आणि १८५६ साली त्यावर एक सुनीत लिहिलं. ती तशी नाही, त्याच्या स्वप्नात जशी आहे तशी रंगवली जाते, एवढंच तिचं म्हणणं. ते सुनीत तिच्या मृत्यूनंतर, १८९६ साली छापलं गेलं. विल्यम मॉरिसनं १८५८ साली आर्थरच्या राणीला, ग्विनिव्हरला, न्यायाधीशांसमोर उभं राहून स्वतःची बाजू बोलू दिली. त्या सगळ्या शतकात मध्ययुगातली बाई पुन्हा बोलायला लागल्याची ही एक चांगली खूण.

निवृत्त होईपर्यंत मी ती कविता शिकवत राहिले, पण 'निर्दय' हा शब्द पुन्हा फळ्यावर लिहिला नाही. आता जे शिकवतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कीट्स शिकवा, मनापासून शिकवा, आणि त्यासोबत एक तास शार्तिएला द्या, एक तास अ‍ॅना गॉर्डनच्या परीराणीला द्या. फळ्यावर दोन रकाने आखा आणि तिचा रकाना मुलांकडून भरून घ्या. १४२४ साली एका बागेत एक बाई नाही म्हणाली. तेवढ्यासाठी तिच्यावर चाललेल्या खटल्याला आता सहाशे वर्षं झाली आहेत. पुराव्यात काहीही नाही. तिला सोडून द्यावं.